८.८.८.८ की ९.९.९.९? फुकट डीएनएस सेवांची पारख

नेट अडखळायला लागलं की कुणीतरी सांगतंच, ‘डीएनएस बदल, ८.८.८.८ टाक.’ हा सल्ला फुकट मिळतो आणि बहुतेक वेळा फुकटच जातो. डीएनएसचं काम एवढंच की तुम्ही टाइप केलेल्या नावाचा आकड्यांतला पत्ता शोधून द्यायचा. पत्ता हातात पडला की त्याचा संबंध संपला. पुढचे फोटो, व्हिडिओ, फाइली त्या त्या सर्व्हरवरून थेट येतात आणि तुमच्या लाइनच्याच वेगानं येतात. १० एमबीपीएसची लाइन कुठल्याही डीएनएसमुळे ११ ची होत नाही.

तरीही बदलल्यावर पानं चटकन उघडल्यासारखी का वाटतात? हिशेब करून बघू. विचारलेलं नाव डीएनएस सर्व्हरच्या साठ्यात आधीपासून असेल तर उत्तर यायला फक्त जाण्यायेण्याचा वेळ लागतो. तो सर्व्हर जवळ असेल तर ५ ते ३० मिलिसेकंद. नाव साठ्यात नसेल तर त्याला मुळापासून तीन-चार ठिकाणी विचारत जावं लागतं, मग १००-२०० मिलिसेकंद सहज जातात. समजा तुमच्या इंटरनेट कंपनीचा सर्व्हर ६० मिलिसेकंद घेतो आणि नवा १५, तर एका नावामागे ४५ वाचले. बातम्यांचं एखादं भरगच्च पान वीस-तीस नावं विचारतं खरं, पण त्यातली बरीचशी एकाच वेळी विचारली जातात. म्हणजे पहिल्यांदा पान उघडताना फार तर पाव सेकंदाचा फरक. दुसऱ्यांदा तोही नाही, कारण ब्राउझर, फोन आणि राउटर तिघांनीही उत्तर जपून ठेवलेलं असतं.

बदलून खरोखर फरक पडतो तो एकाच प्रकारच्या स्लो नेटमध्ये. पान टिचकी मारल्यावर चार-पाच सेकंद कोरंच राहतं आणि मग सगळं एकदम धाडकन येतं. चालू झालेला व्हिडिओ मात्र न अडखळता चालतो. याचा अर्थ डीएनएसला विचारलेला प्रश्न वाटेत हरवतोय किंवा सर्व्हरवर ताण आहे, आणि तुमचं यंत्र वाट पाहून पुन्हा विचारतंय. ही खूण दिसली तर डीएनएस बदला. व्हिडिओ मधेच गोल फिरत बसत असेल तर दोष वायफायचा किंवा लाइनचा, डीएनएसच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

तेव्हा वेगाचं सोडून द्या. डीएनएस बदलायची चांगली कारणं वेगळी आहेत: फसव्या साइटी दारातच अडवणं, मुलांच्या यंत्रावर चाळणी लावणं, जाहिराती कमी करणं आणि आपण कुठली नावं विचारतो याची नोंद कोणाकडे राहावी हे ठरवणं. या कसोटीवर चालू सेवांकडे पाहिलं की कोणती कुठे बसते हे बरंच स्पष्ट होतं. पुढे जे पत्ते दिलेत ते सेटिंगमध्ये टाकताना अर्थातच इंग्रजी आकड्यांत टाकायचे.

गूगलची सेवा डिसेंबर २००९ पासून आहे. पत्ते ८.८.८.८ आणि ८.८.४.४, लक्षात ठेवायला सोपे, म्हणून सगळ्यांच्या तोंडी. ही सेवा काहीही अडवत नाही, ना फसव्या साइटी, ना जाहिराती. तुमच्या आयपी पत्त्यासकटची (म्हणजे इंटरनेटवरच्या तुमच्या जोडणीच्या आकड्यांतल्या पत्त्यासकटची) तात्पुरती नोंद २४ ते ४८ तासांत पुसली जाते असं तिचं जाहीर धोरण सांगतं. ओळख काढून टाकलेली, शहराच्या पातळीपर्यंतची नोंद मात्र पुढेही ठेवली जाते. रोजच्या वापराला ही निवड वाईट नाही, पण गूगलकडे आपली आधीच किती माहिती आहे हे बघता आणखी एक खिडकी का उघडावी, हा प्रश्न राहतोच. गूगलचा खरा उपयोग बिघाड शोधताना होतो. चाळणीवाल्या सेवेवर एखादी साइट उघडत नसेल तर तेच नाव ८.८.८.८ ला विचारायचं. तिथून पत्ता मिळाला आणि चाळणीवालीकडून नाही, तर बहुधा चाळणीनं अडवलंय, दोन्हीकडून नाही मिळाला तर दोष साइटच्या बाजूचा.

गूगलकडे आणखी एक गोष्ट आहे जिची चर्चा फारशी होत नाही. मोठ्या व्हिडिओ आणि डाउनलोड सेवा एकच मजकूर अनेक शहरांतल्या सर्व्हरवर ठेवतात आणि डीएनएसच्या वाटेनं तुम्हाला जवळच्या सर्व्हरचा पत्ता देतात. जवळचा म्हणजे कोणाच्या जवळचा? विचारणारा असतो डीएनएस सर्व्हर, तुम्ही नव्हे. तो तुमच्यापासून हजार किलोमीटरवर असेल तर पत्ता त्याच्या जवळचा मिळणार. गूगल ही अडचण टाळायला तुमच्या आयपीचा पुढचा तुकडा प्रश्नासोबत पाठवतं, पूर्ण पत्ता नाही, पण तुमचा भाग कळावा इतपत. पुढे ज्यांची ओळख येते त्या सेवांपैकी क्लाउडफ्लेअर खासगीपणाचं कारण देऊन हा तुकडा पाठवत नाही. क्वाड९ च्या नेहमीच्या पत्त्यावरही तो जात नाही, पण ९.९.९.११ या वेगळ्या पत्त्यावर जातो. डीएनएस बदलल्यापासून पानं ठीक उघडतात पण एखादं मोठं डाउनलोड रांगायला लागलं, तर शक्यता ही आहे. तपासणंही सोपं: त्या डाउनलोडच्या सर्व्हरचं नाव आधी एका डीएनएसला विचारा, मग दुसऱ्याला, आणि मिळालेल्या दोन्ही पत्त्यांना पिंग करा, म्हणजे उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजा. एकाचं उत्तर १० मिलिसेकंदांत आणि दुसऱ्याचं ९० मध्ये येत असेल तर दोष सापडला. डीएनएसनं डाउनलोडचा वेग ‘कमी’ होऊ शकतो तो हा असा.

क्लाउडफ्लेअरची सेवा १ एप्रिल २०१८ ला सुरू झाली. चार एक म्हणून चौथ्या महिन्याची पहिली तारीख, एप्रिल फूल समजून काहींनी दुर्लक्ष केलं म्हणतात ते अगदीच खोटं नसावं. साधी सेवा १.१.१.१ आणि १.०.०.१ वर. फसव्या साइटी अडवणारी १.१.१.२ आणि १.०.०.२ वर. त्याखेरीज प्रौढांसाठीच्या साइटीही अडवणारी १.१.१.३ आणि १.०.०.३ वर. शेवटच्या आकड्यानं काम कळतं, हे खूप सोयीचं आहे, फोनवरून कुणाला सांगतानाही चूक होत नाही. कोणत्याही मोठ्या जाळ्याच्या जवळ हिचा सर्व्हर असतोच, त्यामुळे नुसत्या उत्तराच्या वेळात ही बहुतेक ठिकाणी पहिली किंवा दुसरी येते.

दोन खोड्या माहीत असाव्यात. १.१.१.१ हा पत्ता कितीतरी वर्षं कोणीच वापरत नव्हतं, म्हणून जुन्या राउटरांत आणि हॉटेलांच्या वायफाय यंत्रणांत तो आतल्या कामासाठी खुशाल वापरला गेला. अशा जागी १.१.१.१ ला पाठवलेला प्रश्न बाहेर पडतच नाही. तिथे १.०.०.१ एकटाच टाकून पाहा, बरेचदा चालतो.

दुसरी मोठी आहे. १४ जुलै २०२५ ला ही सेवा ६२ मिनिटं जगभर बंद पडली. कारण हल्ला नव्हता. जूनमध्ये झालेली एक चुकीची सेटिंग आत तशीच पडून होती, त्या दिवशी नव्या बदलासोबत ती लागू झाली आणि या सेवेच्या पत्त्यांकडे येणारे रस्तेच इंटरनेटवरून मागे घेतले गेले. ज्यांनी पहिला पत्ता १.१.१.१ आणि ‘सुरक्षेसाठी’ दुसरा १.०.०.१ टाकला होता त्यांचे दोन्ही एकदम गेले. गंमत म्हणजे ज्यांचे ब्राउझर आकड्यांऐवजी नावानं, कुलूपबंद (मधल्या कुणाला वाचता येणार नाही अशा) वाटेनं विचारत होते त्यांना फारसं काही जाणवलं नाही, कारण ते नाव वेगळ्याच पत्त्यांवर जातं. एकाच कंपनीचे दोन पत्ते म्हणजे दोन दारं पण घर एकच, हे त्या तासाभरात बऱ्याच जणांना कळलं.

आता क्वाड९, माझ्या मते सगळ्यांत कमी बोलबाला झालेली आणि बहुतेकांना सगळ्यांत योग्य. नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झाली, नफ्यासाठी न चालणारी संस्था आहे, २०२१ मध्ये मुख्यालय स्वित्झर्लंडला हलवलं म्हणजे तिथला खासगीपणाचा कायदा लागू. विचारणाऱ्याचा आयपी पत्ता नोंदवून ठेवत नाही. ९.९.९.९ आणि १४९.११२.११२.११२ हे पत्ते. चाळणी एकाच गोष्टीची: व्हायरस पसरवणाऱ्या, पासवर्ड चोरणाऱ्या, फसव्या साइटी. जाहिरातींना हात लावत नाही, प्रौढ मजकुरालाही नाही. त्यामुळे ‘अमुक अ‍ॅप चालत नाही’ ही तक्रार हिच्याबाबत क्वचितच येते. घरातल्या ज्येष्ठांच्या फोनवर, जिथे कुरिअरच्या नावानं आलेल्या लिंकवर बोट पडायची भीती असते, तिथे डोळे मिटून हीच लावावी. सगळं अडेल असं नाही, कारण सकाळी उघडलेली फसवी साइट यादीत यायला वेळ लागतो, पण एक गाळणी वाढते.

खटकणारी गोष्ट एकच. एखादी साइट अडवली की क्वाड९ ‘असं नावच अस्तित्वात नाही’ असं उत्तर देते. ब्राउझर तेच दाखवतो. ‘आम्ही अडवलंय’ असं पान येत नाही, त्यामुळे माणूस टाइप करताना चूक झाली समजून पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो. क्लाउडफ्लेअरची चाळणीही वेगळी नाही, ती ०.०.०.० असा पोकळ पत्ता देते आणि ब्राउझर जोडणी होत नाही म्हणून हात वर करतो. क्वाड९ च्या साइटवर एक चौकट आहे, तिथे नाव टाकलं की ते अडवलेलं आहे की नाही हे कळतं. पहिली पायरी तीच.

अ‍ॅडगार्ड डीएनएसची गोष्ट वेगळी. ९४.१४०.१४.१४ आणि ९४.१४०.१५.१५. ही जाहिराती आणि माग काढणाऱ्यांची नावं अडवते. फुकटच्या गेममधल्या, हवामानाच्या अ‍ॅपमधल्या, टीव्हीच्या होम स्क्रीनवरच्या जाहिराती खरोखर गळतात, आणि फोनचा डेटाही थोडा वाचतो. यूट्यूबच्या जाहिराती मात्र जात नाहीत, कुठल्याही डीएनएसनं जात नाहीत, कारण व्हिडिओ आणि जाहिरात एकाच नावाच्या सर्व्हरवरून येतात. नाव अडवलं तर व्हिडिओही अडेल. ‘डीएनएस लावून यूट्यूब जाहिरातमुक्त’ असं सांगणारा व्हिडिओ दिसला तर तो करणाऱ्यानं स्वतः करून पाहिलेलं नाही, एवढं खात्रीनं समजा.

या चाळणीची किंमत असते ती ई-मेलमध्ये. दुकानाच्या कूपनची लिंक, ‘यादीतून नाव काढा’ची लिंक, सर्वेक्षणाची लिंक थेट जात नाही. आधी टिचक्या मोजणाऱ्या एका मधल्या नावावरून जाते, आणि ते नाव अ‍ॅडगार्डच्या यादीत असण्याची शक्यता दाट. लिंक दाबली की कोरं पान. ज्यांना हे माहीत आहे ते मिनिटभर डीएनएस बंद करून लिंक उघडतात. ज्यांना माहीत नाही ते दुकानाला शिव्या घालतात. म्हणून ही सेवा ज्याच्या हातात फोनची सेटिंग आहे त्याच्या फोनवर लावावी, सगळ्या घराच्या राउटरवर नको.

तिच्याच घरातली ९४.१४०.१४.१५ ही कुटुंबासाठीची सेवा आहे. जाहिरातींसोबत प्रौढ साइटी अडवते आणि शोधयंत्रांना सुरक्षित शोधाच्या रुळावर आणते. जोडीचा पत्ता ९४.१४०.१५.१६, शेवटचा आकडा १५ नाही, इथे चूक फार होते. १५.१५ टाकलं की जोडीला प्रौढ मजकूर न अडवणारी साधी सेवा बसते.

सगळ्यांत बारीक नियंत्रण हवं असेल तर नेक्स्टडीएनएस. खातं उघडायचं, कुठल्या याद्या लावायच्या, कुठलं अ‍ॅप अडवायचं, रात्री किती वाजता सोडायचं हे सगळं स्वतः ठरवायचं, आणि कुठल्या यंत्रानं काय विचारलं ते डोळ्यांनी बघायचं. फुकट मर्यादा महिन्याला ३,००,००० प्रश्नांची. ऐकायला खूप वाटते, पण दिवसाला १०,००० होतात. एका-दोन फोनना हे पुरतं. राउटरवर लावून त्याखाली टीव्ही, लॅपटॉप, कॅमेरे, चार फोन आले की महिना संपायच्या आत संपतं. संपल्यावर नेट बंद पडत नाही, पत्ते मिळत राहतात, फक्त चाळणी गळून पडते. म्हणजे २५ तारखेनंतर मुलांच्या टॅबवर सगळं खुलं आणि तुम्हाला पत्ताही नाही. मर्यादा संपत आल्याचा ई-मेल बघायची सवय असेल तरच हिच्या वाटेला जा.

लावायचं कसं

अँड्रॉइडवर सगळ्यांत सोपं आहे. २०१८ च्या अँड्रॉइड ९ पासून सेटिंग्जमध्ये नेटवर्क आणि इंटरनेटखाली ‘खाजगी डीएनएस’ आहे. सॅमसंगमध्ये तेच ‘कनेक्शन्स’मधल्या ‘मोअर कनेक्शन सेटिंग्ज’मध्ये लपलंय. नसेल सापडत तर सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘डीएनएस’ टाका. तिथे तीन पर्याय दिसतात: बंद, स्वयंचलित आणि पुरवठादाराचं नाव. तिसरा निवडायचा आणि तिथे नाव टाकायचं, आकडे नाही. आकडे टाकले तर ‘सेव्ह’चं बटण जिवंतच होत नाही आणि लोक फोनच बिघडला म्हणतात. क्वाड९ साठी नाव ‘डीएनएस डॉट क्वाड९ डॉट नेट’, गूगलसाठी ‘डीएनएस डॉट गूगल’, क्लाउडफ्लेअरच्या कुटुंब-सेवेसाठी (१.१.१.३ वाली) ‘फॅमिली डॉट क्लाउडफ्लेअर-डीएनएस डॉट कॉम’, अ‍ॅडगार्डसाठी ‘डीएनएस डॉट अ‍ॅडगार्ड-डीएनएस डॉट कॉम’. अर्थात सगळं इंग्रजी छोट्या लिपीत, आडवी रेघ जिथल्या तिथे, आणि पुढे ‘एचटीटीपीएस’ वगैरे काही नाही. हे वायफाय आणि मोबाइल डेटा दोन्हींवर लागू होतं, आणि प्रश्न कुलूपबंद होऊन बहुतेक वेळा ८५३ क्रमांकाच्या पोर्टवरून, म्हणजे यंत्राच्या त्या क्रमांकाच्या दारातून, जातात.

अडतं ते इथंच. नाव टाकलं म्हणजे फोन दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही. एखाद्या ऑफिसनं किंवा कॉलेजनं ८५३ बंद ठेवलं असेल तर वायफायच्या चिन्हावर उद्गारचिन्ह येतं, खाजगी डीएनएस सर्व्हरशी संपर्क होत नाही अशी सूचना येते आणि नेट पूर्ण ठप्प. विमानतळावर, हॉटेलात लॉगिनचं पान उघडत नाही त्याचंही कारण बरेचदा हेच. अशा वेळी पर्याय ‘स्वयंचलित’वर आणायचा, लॉगिन करायचं, मग पुन्हा नाव निवडायचं. टाकलेलं नाव फोन विसरत नाही, पुन्हा टाइप करावं लागत नाही. काही फोनांत याचं बटण वरून ओढायच्या पट्टीतही ठेवता येतं.

आयफोनवर वायफायच्या नावापुढच्या चिन्हावर टिचकी मारून ‘डीएनएस कॉन्फिगर’मध्ये आकडे टाकता येतात, पण ते फक्त त्या एका वायफायपुरते. मोबाइल डेटावर काही फरक पडत नाही, दुसऱ्या वायफायवरही नाही. सगळीकडे हवं असेल तर आयओएस १४ पासून मिळणारी सोय वापरावी: सेवेचं अ‍ॅप किंवा तिनं दिलेली प्रोफाइल फाइल बसवायची. प्रोफाइल कुठून उतरवतो हे मात्र बघा, सेवेच्या स्वतःच्या साइटवरूनच. कुण्या ग्रुपवर आलेली फाइल बसवणं म्हणजे घरच्या पत्रांची पेटी परक्याच्या हातात देणं.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क आणि इंटरनेट, मग वायफाय, मग ‘हार्डवेअर प्रॉपर्टीज’, तिथे डीएनएस सर्व्हर असाइनमेंटसमोर ‘एडिट’, मग ‘मॅन्युअल’. आयपीव्ही४ (चार आकड्यांचे नेहमीचे पत्ते) चालू करून दोन पत्ते टाका आणि प्रत्येकाखाली ‘डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस’, म्हणजे कुलूपबंद वाट, चालू करा. ओळखीच्या सेवांचा पुढचा तपशील विंडोज आपोआप भरतं. वायफाय आणि केबल यांची सेटिंग वेगवेगळी असते. एकावर केलं आणि केबल लावली की जुनंच डीएनएस परत.

राउटरवर गोष्ट थोडी गुंतागुंतीची. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाकून आत गेलात की डीएनएस दोन ठिकाणी दिसतं. एक बाहेरच्या जोडणीच्या, म्हणजे ‘वॅन’च्या पानावर, दुसरं घरातल्या यंत्रांना पत्ते वाटणाऱ्या ‘डीएचसीपी’च्या पानावर. वॅनवर बदललं तर घरातली यंत्रं राउटरलाच विचारतात आणि राउटर बाहेर विचारतो. प्रिंटरची, राउटरच्या पानाची घरगुती नावं चालू राहतात. डीएचसीपीवर बदललं तर यंत्रं थेट बाहेर विचारतात आणि ती घरगुती नावं बंद पडू शकतात. बहुतेकांनी वॅनवरच बदलावं. डीएचसीपीवर बदल केला असेल तर प्रत्येक यंत्राचं वायफाय एकदा बंद-चालू करा, नाहीतर जुना पत्ता धरूनच बसतात. आधीचे आकडे कुठे तरी लिहून ठेवा किंवा स्क्रीनचा फोटो काढून ठेवा. इंटरनेट कंपनीनं दिलेल्या काही राउटरांत ही जागा कुलूप लावूनच येते, तिथे यंत्रायंत्रावर बदलण्यावाचून पर्याय नाही.

चाळणी गळते कुठून

राउटरवर १.१.१.३ लावून आठवड्यानं लक्षात येतं की अडवलेलं कधी अडतं, कधी उघडतं. याची कारणं ठरलेली आहेत.

पहिलं कारण दुसऱ्या रकान्यातला पत्ता. पहिल्यात १.१.१.३ आणि दुसऱ्यात सवयीनं ८.८.८.८. लोक समजतात की पहिला बंद पडला तरच दुसऱ्याला विचारलं जाईल. पुष्कळ राउटर दोघांना एकदम विचारतात आणि आधी येईल ते उत्तर घेतात. म्हणजे चाळणी नशिबावर. दोन्ही रकान्यांत एकाच जातीची चाळणी हवी: १.१.१.३ सोबत १.०.०.३. आणि ६२ मिनिटांच्या त्या प्रकारानंतर दोन कंपन्यांचे पत्ते मिसळायचेच असतील तर ९.९.९.९ सोबत १.१.१.२ ही जोडी बरी, दोन्ही फसव्या साइटीच अडवतात. याद्या तंतोतंत सारख्या नाहीत, तेवढी तडजोड.

दुसरं कारण आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी, लांबलचक पद्धत, आणि हे सगळ्यांत जास्त निसटतं. तुम्ही आयपीव्ही४ च्या रकान्यात पत्ते बदलले, पण राउटर आयपीव्ही६ च्या वाटेनं कंपनीचंच डीएनएस वाटत राहतो, आणि यंत्रांना दोन्ही वाटा मिळतात. आयपीव्ही६ च्या रकान्यातही पत्ते भरा. क्लाउडफ्लेअरचा २६०६:४७००:४७००::११११, फसव्या साइटी अडवणारा शेवटी १११२, कुटुंबाचा १११३. क्वाड९ चा २६२०:एफई::एफई. रकानाच नसेल तर घरापुरतं आयपीव्ही६ बंद करणं हा ओबडधोबड पण चालणारा उपाय.

तिसरं कारण ब्राउझर. फायरफॉक्स आणि क्रोम स्वतःचं कुलूपबंद डीएनएस वापरू शकतात आणि तेव्हा राउटरला विचारतच नाहीत. सेटिंग्जमध्ये ‘सुरक्षित डीएनएस’ शोधा. क्रोममध्ये ते आपोआपवर असेल तर सहसा तुमच्याच डीएनएसला कुलूपबंद वाटेनं विचारतं, चालेल. पण कुणी तिथे वेगळी सेवा निवडलेली असेल तर राउटरची चाळणी त्या ब्राउझरला लागू नाही. थोडं मोठं मूल हे दहा मिनिटांत शोधून काढतं, त्यामुळे डीएनएसची चाळणी लहान मुलांपुरतीच समजा. मोबाइल डेटा चालू केला तर तेवढेही कष्ट नकोत.

शिवाय काही टीव्ही आणि स्ट्रीमिंगची यंत्रं राउटरला न विचारता कारखान्यातून भरलेल्या पत्त्यालाच विचारतात. तिथे राउटरमध्ये ५३ क्रमांकाच्या पोर्टवरचे (साध्या, कुलूप नसलेल्या डीएनएसची नेहमीची वाट) बाहेर जाणारे प्रश्न अडवता किंवा वळवता आले तर बरं. साध्या राउटरमध्ये ही सोय सहसा नसते.

आणि एक शेवटची शक्यता तुमच्या हाताबाहेरची. काही जाळी ५३ वरून जाणारा प्रत्येक प्रश्न वाटेतच पकडून स्वतः उत्तर देतात, तुम्ही कोणालाही पाठवलेला असो. हे पकडायची युक्ती छान आहे. संगणकावर कमांडची खिडकी उघडून ‘एनएसलुकअप’ लिहा, जागा सोडून कुठल्याही साइटचं नाव, जागा सोडून १९२.०.२.१. हा पत्ता फक्त पुस्तकांतल्या उदाहरणांसाठी राखून ठेवलेला आहे, तिथे कुठलाही सर्व्हर नाही. उत्तर यायलाच नको, वाट पाहून हार मानायला हवी. साइटचा पत्ता आला तर मधेच कुणीतरी उत्तरं देतंय, आणि राउटरमध्ये आकडे कितीही बदलले तरी उपयोग नाही. मग अँड्रॉइडचं खाजगी डीएनएस, विंडोजचं किंवा ब्राउझरचं कुलूपबंद डीएनएस हाच मार्ग, कारण तो ५३ वरून जात नाही.

लागलं की नाही हे बघायला सेवांच्या स्वतःच्या जागा आहेत. क्वाड९ वाले ‘ऑन डॉट क्वाड९ डॉट नेट’ उघडून हो किंवा नाही बघतील. क्लाउडफ्लेअरवाले १.१.१.१ च्या पुढे तिरकी रेघ आणि ‘हेल्प’ टाकतील, तिथे कुलूपबंद वाट चालू आहे का हेही कळतं. चाळणी तपासायला खरी घाणेरडी साइट उघडायची गरज नाही, क्लाउडफ्लेअरनं चाचणीसाठीच ‘मालवेअर डॉट टेस्टकॅटेगरी डॉट कॉम’ हे निरुपद्रवी नाव ठेवलंय. ते १.१.१.२ वर उघडता कामा नये. तपासण्याआधी फोन विमान-मोडवर टाकून काढा आणि ब्राउझर बंद करून उघडा, नाहीतर जपून ठेवलेलं जुनं उत्तरच दिसेल आणि तुम्ही चांगली सेटिंग मोडून बसाल.

एखादी साइट तुमच्याकडे उघडत नाही आणि शेजाऱ्याकडे उघडते, तीही अडवण्यासारखी मुळीच नाही, असं झालं तर आणखी एक गोष्ट असते. गूगल, क्लाउडफ्लेअर आणि क्वाड९ तिघंही नावावरची डिजिटल सही तपासतात. साइटवाल्यांकडून त्या सहीची मुदत संपली किंवा किल्ली बदलताना गोंधळ झाला तर तिघंही उत्तर नाकारतात, सही न तपासणारा सर्व्हर मात्र निर्धास्त उत्तर देतो. इथे दोष साइटचा. क्वाड९ चा ९.९.९.१० हा पत्ता चाळणी आणि सही दोन्ही बाजूला ठेवतो, त्याला विचारलं की खात्री होते. तो रोजच्या वापरासाठी मात्र नाही.

खासगीपणाबद्दल थोडक्यात, कारण इथे जाहिरातबाजी फार. कुलूपबंद डीएनएसमुळे तुम्ही कोणती नावं विचारली हे वाटेतल्या जाळ्याला दिसत नाही. पण पत्ता मिळाल्यावर साइटशी जोडणी सुरू करताना ब्राउझर बहुतेक ठिकाणी साइटचं नाव उघडच पाठवतो, आणि ज्या पत्त्यावर जोडणी झाली तो तर दिसतोच. ते नावही झाकायची पद्धत आहे, पण साइट आणि ब्राउझर दोघांनी ती वापरायला हवी. तेव्हा इंटरनेट कंपनीला काहीच कळत नाही असं समजू नका, तिचं काम जरा वाढतं इतकंच. आणि जी यादी तिच्याकडे जायची ती आता डीएनएस सेवेकडे जाते. ऑफिसच्या व्हीपीएनवर (बाहेरून ऑफिसच्या जाळ्यात नेणारी खासगी वाट) असाल तर आतली नावं या कुठल्याच सेवेला माहीत नाहीत, तिथे खाजगी डीएनएस बंद ठेवा, नाहीतर ऑफिसची आतली पानं शोधत बसाल.

माझी मांडणी विचाराल तर राउटरवर ९.९.९.९ आणि १.१.१.२, लहान मुलांच्या टॅबवर क्लाउडफ्लेअरची कुटुंब-सेवा नावानं, स्वतःच्या फोनवर जाहिराती नको असतील तर अ‍ॅडगार्ड, आणि ८.८.८.८ फक्त भांडण मिटवायला. व्हिडिओ अडखळतोय म्हणून यातलं काही करणार असाल तर आधी राउटर कपाटामागून बाहेर काढा.